बनूचा दाखला

मरियमबाईंच्या वडिलांनी, मोझेस मास्तरांनी, ती शाळा लिंबाखाली चार पोरांवर सुरू केली होती. पुढे वाडीनेच भिंती घातल्या. कुणी दगड वाहिले, कुणी गोठ्याचं आढं काढून दिलं, बायांनी माती तुडवली. शाळा जिल्हा परिषदेकडे गेली, मास्तर वारले आणि त्यांच्या खुर्चीवर मरियमबाई बसल्या. राहुरी तालुक्याच्या कोरड्या अंगाच्या त्या वाडीत दुसरं कुणी शिकवायला यायला तयार होईना, म्हणून चारही वर्ग त्या एकट्याच चालवत.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. दिवाळीनंतर माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली, मागोमाग पोरंही. बेचाळिसांचा पट पंचवीसवर आला. तेवढ्यात वरून कागद आला, की तपासणीला पंचवीसच्या खाली पट निघाला तर शाळा ओढ्यापलीकडच्या गावात मिसळणार. म्हणजे दोन कोस चालणं. एकही मुलगी तिकडे जाणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात चौथीतल्या बनूचा मामा गोरक्ष देवळाली प्रवऱ्याहून आला.

"बाई, पोरीचा दाखला द्या. मी नेतो तिला. आमच्याकडं कॅनॉल हाय, शाळा मोठी हाय. हितं ऱ्हायली तर दगडंच फोडंल."

त्याचं खरंच होतं. बनूसारखी हुशार मुलगी बाईंच्या हाताखाली कधी आली नव्हती. त्यांनी कपाट उघडलं. दाखल्यांचं पुस्तक समोरच होतं. त्यांनी कपाट पुन्हा लावलं.

"पुस्तक संपलंय. तालुक्याहून मागवलंय. महिनाभर दम धरा."

मोझेस मास्तरांची लेक खोटं बोलेल, असं गोरक्षाच्या मनातही आलं नाही.

तपासणी लांबत गेली. महिन्याचे अडीच महिने झाले. बनूच्या घरात दाणा उरला नाही, तशी तिच्या आईने, झुंबरबाईने, लेकीला खडीच्या कामावर नेलं. साहेब येणार त्या दिवशी बाई पहाटेच त्यांच्या दारात गेल्या आणि बनूला मागून आणलं. फोडांनी भरलेले हात मागे धरून बनूने साहेबांना एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला. साहेब खूश झाले. शाळा वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई दाखला घेऊन स्वतः एसटीने देवळालीला गेल्या. गोरक्ष ओशाळून म्हणाला, "थोरल्या बहिनीची पोर आनली, बाई. आनखी एक तोंड कसं पोसू? तुमचा निरोपच न्हाई आला."

तिथून त्या थेट तलावाच्या कामावर आल्या. झुंबरबाई उन्हात बसून खडी फोडत होती.

"झुंबरबाई, पुस्तक होतं. मी खोटं बोलले. बनूला माझ्याकडे ठेवते, मी शिकवीन."

झुंबरबाईचा हात थांबला.

"चौथीच्या फुडं तुमच्या शाळंत काय हाय, बाई? आन् आता तिच्या हाताबिगर आमचं भागत न्हाई."

शेजारी बनू टोपलं भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पट पन्नासवर गेला, दुसरी खोलीही बांधून झाली. बनू मात्र परत आली नाही. तेराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. बाई अक्षता टाकायला गेल्या आणि मांडवाच्या कडेलाच उभ्या राहिल्या.

त्या साली झेंडावंदनाला सरपंच काकासाहेब चार माणसांत म्हणाले, "बाई होत्या म्हणून आपली शाळा राहिली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पोरांना घाईघाईने रांगेत उभं केलं आणि खाऊ वाटायला घेतला. सत्काराचा नारळ घ्यायला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.