अझारा मॅडमचा व्हिडिओ

तमाले शहरातल्या एका शेतकी कॉलेजात ग्रंथपाल अझारा मॅडम एकोणीस वर्षं ‘पुस्तक कसं शोधावं’ यावर भाषण द्यायच्या आणि मुलं डुलक्या घ्यायची. यंदा त्यांनी नवी पद्धत काढली. भाषणाचा व्हिडिओ घरी बघायचा, ग्रंथालयात फक्त शोधाशोध करायची. रेकॉर्डिंग करता करता त्यांचा घसा बसला.

“बघितला का कुणी?” पहिल्या तासाला ग्रंथालयात जमलेल्या मुलांना त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“नाही मॅडम,” मेमुना म्हणाली. “तुम्हीच सांगा ना नेहमीसारखं.”

मॅडमनी घशाकडे बोट दाखवून पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. मुलं कपाटांशी झुंजली, भांडली, एकमेकांना विचारू लागली. तासाभरात सगळी पुस्तकं सापडली.

प्राचार्य खूश झाले. “व्हिडिओनं कमाल केली! आणखी सात करा.”

खरं सांगायला मॅडमचा आवाज फुटेना, आणि तो फुटू नये असंच त्यांना वाटलं.