इजिप्तचे व्याही

ज्याच्याशी माझ्या सासऱ्यांचे मतभेद नाहीत असा एकही देश पृथ्वीच्या पाठीवर नाही, आणि ज्याच्याशी त्यांचे संबंध बिघडलेत असाही एक नाही. तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे त्यांची केळी आणि थोडा ऊस आहे. गावात सरपंचपदाला कोण उभं आहे हे त्यांना मतदानाच्या दिवशी सासूबाई सांगतात. पण कुठल्या सामुद्रधुनीत कोणी कोणाचं जहाज अडवलं, आणि ते का अडवायला नको होतं, हे त्यांना सकाळी गुरांना चारा टाकायच्या आधी ठाऊक असतं. मी विसरवाडीला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा पाय धुवायला पाणी देता देता मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "पाव्हना, तुर्कस्तानबद्दल तुम्हनं मत काय शे?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी टॉवेल पुढे केला, पण पोरगी कुठल्या घरात देऊन बसलो, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता.

मत असतं तरी उपयोग नव्हता म्हणा. जावयाशी वाद घालायचा नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. मुलगा पुण्याला. सासूबाईंशी वाद घालता येतो, पण जिंकता येत नाही. माणसाची अशी उपासमार चालली असताना मुलानं त्यांच्या फोनमध्ये एक मंडळ टाकून दिलं. दर रविवारी संध्याकाळी देशोदेशीची साधी माणसं पडद्यावर जमतात आणि जगाच्या राजकारणावर बोलतात. प्रत्येकानं आपल्या भाषेत बोलायचं, फोन भाषांतर करतो. नियम एकच: मतभेद जरूर असावेत, आदर सुटू नये. कॅनडातल्या एक बाई हे मंडळ चालवतात आणि कुणाचं फार लांबलं की छोटी घंटा वाजवतात. मामांच्या वाट्याला ती घंटा इतकी यायची, की आरती सुरू झाली समजून शेजारची म्हातारी एकदा ओसरीवर येऊन हात जोडून उभी राहिली.

पहिल्याच रविवारी मामांनी त्या मंडळाचा कारभार बदलून टाकला. इस्त्रीचा सदरा, टोपी, फोनपुढे पाण्यानं भरलेला स्टीलचा गडू. विषय होता अण्वस्त्रं. मामांची पाळी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकेक करून राम राम घातला, जेवण झालं का विचारलं, काय जेवलात तेही विचारलं, आणि पोलंडच्या एका गृहस्थांनी नुसत्या ब्रेडवर भागवलं म्हटल्यावर खरोखरीचे हळहळले. अण्वस्त्रं राहून गेली. बाई आधी गडबडल्या. मग त्यांनाच ते इतकं आवडलं की पहिली पंधरा मिनिटं खाण्यापिण्याला राखून ठेवायचा ठरावच झाला. एक अडचण मात्र उरली. त्या फोनला अहिराणी कळत नाही. राग आला की मामांना तो आधी शाळेतल्या मराठीत आणावा लागतो, आणि तेवढ्या वेळात राग निम्मा निवतो. एरवी शेजाऱ्याच्या बैलाला सात पिढ्यांवरून बोलणारा हा माणूस फोनपुढे म्हणायचा, "आपल्या विधानाशी मी असहमत आहे." सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "हाऊ कोन बोली ऱ्हायना?"

आदरानं भांडायची त्यांची स्वतःची एक पद्धत आहे, आणि ती त्यांनी सगळ्या मंडळाला समजावून दिली. भावाशी भांडताना माणूस तोंड सोडतो. मित्राशी भांडताना नातंच तोडतो. जपून भांडतो तो फक्त व्याह्याशी, कारण आपली पोर त्याच्या घरात असते. व्याह्याचं ऐकून घ्यायचं, त्याला जेवू घालायचं, मग तो चुकतोय हे सांगायचं, आणि निघताना त्याच्या पिशवीत केळीची एक फणी टाकायची. देशादेशांनी एकमेकांना व्याही मानलं तर निम्म्या लढाया मिटतील. यावर सासूबाईंनी विचारलं, "आपली कोनती पोर दिधेल शे तठे इजिप्तमा?" मामांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "पोर नही, पन कापूस ते जास ना!" इजिप्तचा स्वतःचा कापूस जगात नावाजलेला आहे, हे मी बोललो नाही. जावयानं काय काय बोलू नये, हे तोवर मलाही कळू लागलं होतं.

इजिप्तचं नाव निघायचं कारण म्हणजे मामांचे खास व्याही तिथलेच. नाईल नदी समुद्राला मिळते त्या भागातले एक वयस्क शेतकरी. भाताची जमीन, कालव्याच्या अगदी शेपटाला. इथिओपियानं वरच्या अंगाला नाईलवर धरण बांधलं, आणि त्यावरून या दोघांची जी जुंपली ती थांबेचना. मामांच्या दारापुढे तापीत बंधारा आहे. पाणी अडल्यावर काठच्या शेतांचं कसं सोनं होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याच्या रानात नदी, त्याचा तिच्यावर पहिला हक्क, हे त्यांचं म्हणणं. व्याही म्हणायचे, नदी काय कुणाच्या बापाची नाही, शेवटच्या शेताला पाणी पोचेल तेव्हाच ती नदी. मंडळात इथिओपियाचे एक तरुण मास्तरही होते, पण धरणाची बाजू मामाच इतकी लावून धरायचे, की त्या बिचाऱ्याला आपल्या देशाबद्दल बोलायला सवडच मिळत नसे. मधल्या वारीही निरोप चालू. "व्याही, तुमचा मुद्दा ऐकला. तो चूक आहे. गुडघा कसा आहे?" तिकडून उत्तर: "गुडघा बरा. चूक तुमचा मुद्दा आहे. केळीचा घड सुंदर."

आणि एका रविवारी धरणाचा विषय निघाला, मामा सरसावून बसले, तर व्याही म्हणाले, "भाऊ, तुमचंच बरोबर. धरण त्यांचं, पाणीही त्यांचं."

मंडळात टाळ्या पडल्या. बाई गहिवरल्या, संवादानं मत बदलतं याचं याहून चांगलं उदाहरण नाही म्हणाल्या. मीही ओसरीवरून म्हटलं, "मामा, जिंकलात की!" पाहतो तर मामांचा चेहरा उतरलेला. चहा तसाच गार झाला. "पाव्हना, काईतरी बिघडेल शे," ते म्हणाले. "ज्याले संबंध ठेवना ऱ्हास, तो मानूस 'तुमचंच बरोबर' आसं म्हनत नही."

हे मला पटायला वेळ लागला नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीत वडील बँडवरून, पंगतीवरून, मानपानावरून व्यवस्थित भांडत होते आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकाएकी ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." सोयरीक मोडली या धास्तीनं मामा त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आमच्या घरी येऊन गेले. वडिलांची दाढ दुखत होती, एवढंच. पण मामांचा आडाखा पक्का: भांडतो तो बसलेला असतो, मान डोलावतो तो मनानं उठून गेलेला असतो.

त्यांनी आपल्या परीनं मनधरणी सुरू केली. केळीचे फोटो पाठवले. तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, असं स्वतः होऊन कळवलं. उत्तर एकच यायचं: "सगळं ठीक. तुमचंच बरोबर." मामांचं जेवण कमी झालं. पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. सासूबाईंनी मला फोन करून सांगितलं, "तुम्ही या. यासले काई गोड लागी नही ऱ्हायनं." मी गेलो, तर कामगिरी तयार होती. रुसलेल्या व्याह्याकडे स्वतः जायचं नसतं, जावयाला पाठवायचं असतं. आणि बोडक्यानं जायचं नसतं म्हणून आपली टोपी त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली. मी टोपी घालून पुढच्या खोलीतून इजिप्तला गेलो.

व्याही मोठ्या अगत्यानं बोलले. मामांची चौकशी केली. मग सांगितलं, की शेत विकून टाकलं. पाणी येईना, आलं तर खारं यायचं, मातीवर मीठ फुटायला लागलं होतं. आता शहरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. "तुमच्या सासऱ्यांना सांगा, मी रागावलेलो नाही. पण ज्याला शेतच नाही त्यानं पाण्यावर काय बोलायचं? हो म्हणून मोकळा झालो."

मी जसंच्या तसं मामांना सांगितलं. मला वाटलं, अरेरे म्हणतील, नशीब म्हणतील. ते म्हणाले, "मंग आते त्याना बाजूथीन बोलाले कोन शे?"

पुढच्या रविवारी मी मुद्दाम थांबलो. विषय पुन्हा पाण्याचा. व्याही पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत होते, आवाज बंद करून, मागे फ्लॅटची कोरी भिंत. मामांनी सुरुवातच केली, "आज मी इजिप्तच्या बाजूनं बोलणार आहे." बाईंना वाटलं भाषांतर बिघडलं. आणि मामा बोलू लागले. पण काय ते बोलणं! नाईलच्या काठी केळी लावली, तिला दिवसाआड पाणी सोडलं, कालव्याचं शेपूट डोक्याकडे नेलं. इथिओपियाचे मास्तर अदबीनं एकेक मुद्दा खोडत होते आणि मामा त्याहून लंगडा मुद्दा पुढे करत होते. इतकी वर्षं मी त्यांना ऐकतोय. इतकं वाईट भांडताना कधी ऐकलं नव्हतं. मलाच शरम वाटायला लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीतून आवाज फुटला. "व्याही, थांबा! माझी बाजू अशी नाही. तिथे केळी नाही, भात आहे. आणि पाणी दिवसाआड आलं असतं तर मी शेत सोडलं असतं का?" मग ते थांबलेच नाहीत. कालवा, मीठ, वडिलांनी खोदलेले पाट, सगळं आलं. शेवटी मामांकडे बोट करून म्हणाले, की धरणाबद्दल तुम्ही इतके दिवस जे बोललात ते सगळं चूक होतं, आणि आज बोललात ते तर त्याहून चूक. घंटा वाजली, पुन्हा वाजली. मामांनी बाईंना हात जोडून गप्प राहायला सांगितलं. ते शेत काही परत येणार नव्हतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. मामा फोनच्या अगदी जवळ सरकून ऐकत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "आहो, कोन जिकनं?"

मामांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "कोनीच नही," ते म्हणाले. "आजून चालू शे."