पाण्यातले पाव काढणारा

मुलुंडला आमच्या तळ्यावर एक माणूस रोज सकाळी गळ टाकून बसतो. नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. पाण्यात बोट बुडवून वास घेतो आणि डॉक्टरसारखा सांगतो, "आज पाणी जड आहे, काका. चिलापी खाणार नाय." पिल्लू गळाला लागलं तर सोडवताना त्यालाच दम देतो, "आईला विचारून आलास काय रे?" आणि सोडून देतो.

माझी बायको तिथे माशांना पाव टाकायची. ती गेल्यापासून मी टाकतो. मासे तोंड वासून वर यायचे. मला वाटायचं, तिचीच वाट बघतायत.

परवा चष्मा कट्ट्यावर विसरलो म्हणून मागे फिरलो. हा गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळीने माझे पाव काढत होता. माझं डोकंच फिरलं.

"तुझ्या बापाचं काय जातं रे?"

"काका, उन्हाने पाणी आटलंय. त्यात पाव कुजला की मासे गुदमरतात. ते भुकेने नाय, दम घ्यायला वर येतात."

"मग इतके महिने तोंड शिवलं होतं तुझं?"

त्याने जाळी झटकली. "काकी मूठभर टाकायच्या. तुम्ही पावाची अख्खी लादी आणता. तुम्हाला कसं बोलणार?"

मी कट्ट्यावरचा चष्मा उचलला आणि घरी आलो.

आज एकच पाव नेला. त्याने गळ बाजूला ठेवला, सरकून मला जागा दिली.

"बारीक करून टाका, काका. घाई नाय."