मास्तरांचा उजवा पाय

समस्त धुळेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या शहरातल्या निम्म्या चालकांचं कौशल्य प्रत्यक्षात एका माणसाच्या उजव्या पायात होतं.

तो ड्रायव्हिंग शिकवायचा. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. समोर म्हैस आली की तो गुपचूप दाबायचा आणि शिकणाऱ्याला म्हणायचा, "वा, झकास थांबवली!" कुणाचं मन मोडणं त्याला जमायचंच नाही.

मागच्या सीटवर आम्ही दोघं मित्र आपल्या पाळीची वाट बघत कुठली गाडी दमदार यावर तावातावाने भांडायचो. लायसन्स दोघांकडेही नव्हतं.

स्टिअरिंगवर असायच्या एक अक्का. नवऱ्याची नजर गेलेली. दारातली गाडी विकायची नसेल तर त्यांनाच शिकणं भाग होतं. पण परीक्षेला शेजारी हा मास्तर नसायचा, आणि अक्का दोनदा नापास झाल्या.

"भाऊ, तिसऱ्या वेळी तुमचा पाय पाठवा परीक्षेला," माझा मित्र खिदळला.

मास्तर हसला नाही. चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वळणावर केळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर अचानक आडवा आला. आमची गाडी कचकन थांबली. अक्का घाम पुसत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ब्रेक दाबला म्हणून वाचलो!"

तो सीटवरच आनंदाने उसळला, "मी कुठला दाबतो? अक्का, मी तं आठे मांडी घालीसन बठेल शे!"