जावयाचं कन्सल्टिंग

माझा नवरा कन्सल्टिंग करतो, ही थाप माझी. पुण्याहून इकडे परदेशात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये आल्यानंतरच्या पहिल्याच गणपतीत, आरती झाल्यावर एका बाईंनी विचारलं, "आणि तुमचे मिस्टर काय करतात?" तो समोरच प्रसाद वाटत होता. मी पटकन म्हणाले, "कन्सल्टिंग." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाच्या हातावर शिरा ठेवला. तेच मी पुण्याला आईला सांगितलं, आईने सगळ्या गोतावळ्याला सांगितलं, आणि जावयाचं बस्तान बसलं.

खरी गोष्ट अशी की तांजोंग पगारच्या एका बँकेत नोकरी मिळाली ती मला. इथे राहून काम करायचा परवाना, म्हणजे पास, माझ्या नावावर, आणि नवरा माझा डिपेंडंट. त्याला नोकरी करायची तर कुठल्यातरी कंपनीने त्याच्यासाठी वेगळा पास काढायला हवा. भोसरीच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली अख्खी शिफ्ट असायची. "वर्षभरात तुलाही मिळेल रे काहीतरी," असं म्हणून मीच त्याला राजीनामा द्यायला लावला. तेव्हा मला ते अगदी मनापासून वाटत होतं. त्याला चार वर्षं झाली.

एवढ्या काळात तो माझ्या आईपेक्षा चांगली आमटी करायला लागला. लेकीला शाळेत सोडणं-आणणं, बाजारहाट, सगळं त्याच्याकडे. एकदा लेक लिफ्टमध्ये मैत्रिणीला इथल्या मुलांच्या ढंगात सांगत होती, "माय पापा व्हेरी फ्री, लाह." तो हसला. मी मात्र घरात शिरल्या शिरल्या लेकीवर डाफरले. "तिला कशाला ओरडतेस? खरं तेच बोलली," तो म्हणाला.

मागच्या महिन्यात त्याला जुरोंगच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. फार दिवसांनी असं काही आलं होतं. त्याने कपाटातून ऑफिसचे बूट काढले, तर सोल सुटून हातात आला. न वापरलेल्या बुटांचं इथल्या दमट हवेत असंच होतं. आम्ही दोघं जाऊन नवे घेऊन आलो. चपला काढून त्यात पाय घालताना तो इतका खूश दिसत होता की मी उगाचच दुसऱ्या रॅककडे वळले.

मुलाखती घेणं माझं रोजचंच काम, म्हणून म्हटलं, घरी एक तालीम करू. मी जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसले. तो बेडरूमच्या दारावर टकटक करून बाहेर आला. "गुड मॉर्निंग, मॅडम." लेक सोफ्यावर लोळून हसत होती. मी सवयीने ऑफिसातलाच प्रश्न विचारला, "गेल्या चार वर्षांत काही दिसत नाही. काय करत होतात?"

"घर सांभाळत होतो. बायकोची नोकरी चालावी म्हणून."

"हे नको सांगूस," मी म्हणाले. "हे कळलं की पुढचं कोणी ऐकत नाही."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत होतं, कारण मीच ऐकत नाही. पास काढावा लागेल असा माणूस समोर आला, आणि त्यात मध्ये अशी रिकामी वर्षं दिसली, की मी गोड बोलते, पाणी विचारते आणि मनातल्या मनात त्याला बाजूला काढते. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"मग काय सांगू?" त्याने विचारलं.

"कन्सल्टिंग सांग."

मुलाखतीहून तो संध्याकाळी परतला, बूट नीट कोपऱ्यात ठेवले आणि तांदूळ धुवायला घेतले. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"बरी झाली," तो म्हणाला. "मशिनबद्दल भरपूर बोललो. मग कन्सल्टिंगही सांगितलं. त्यांनी विचारलं, क्लायंट कोण होते?"

"आणि?"

"मला एकच सुचली. तुझं नाव सांगितलं."

ते लोक हसले म्हणे. मग पासचं विचारलं, हात मिळवला, आणि कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, कळवणारही नाहीत. केसाएवढा फरक निघाला तरी अख्खा माल परत पाठवणारा हा माणूस, आणि त्याच्या तोंडी मी थाप दिली. निदान खरं तरी ताठ मानेने सांगून आला असता. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "जावईबापूंचं काम काय म्हणतंय?" तिने नेहमीप्रमाणे विचारलं. आज सांगून टाकायचंच, असं मी ठरवलं होतं. "आई, अगं, ऐक ना, तो..." मी सुरुवात केली.

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "जोरात आहे, आई," तो म्हणाला. "क्लायंट एकच आहे, पण सोडत नाही."

आई पोट धरून हसली. त्याने फोन परत माझ्या हातात दिला आणि आमटीला फोडणी घालायला गेला. आई अजून हसतच होती, आणि मी तिला विचारलं की पुण्यात थंडी पडली का.