डॉक्टरांचा तिसरा गिअर

आमच्या ह्यांना सगळं लोहारं गाव डॉक्टर म्हणायचं. होते देवी टोचणारे. गावोगाव फटफटीवर जायचे आणि चावडीपुढं उभं राहून लोकांना ठणकवायचे, "देवी हा रोग आहे, कुणाचा कोप न्हाय! अडाणीपणा सोडा!" फटफटी निजामाच्या राज्यातल्या कुठल्याशा अंमलदाराची. राज्य गेलं, अंमलदार गेला, फटफटी तेवढी आमच्या नशिबी आली.

त्या वर्षी दसऱ्यापासून तिचा तिसरा गिअर टिकेना. टाकीजवळची गिअरची दांडी ओढली की आत खडाड्‌कन वाजायचं आणि दांडी आपली माघारी यायची. एखाद्या दिवशी मात्र शहाण्यासारखी चालायची, म्हणून तर ह्यांचा ताठा उतरेना. ह्यांनी क्लचची तार आवळली, चेन आवळली, प्लग घासला. दुखणं कुठं आणि हे चोळतायत कुठं! जाणत्या मिस्त्रीला दाखवा म्हटलं की, "मला शिकवू नकोस."

पौषात मला धाराशिवाहून मास्तरणीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेली मी, लग्नानंतर चुलीपुढं बसून मराठीतून पुन्हा परीक्षा दिलेली. नोकरी करू का, असं ह्यांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा, "लोक काय म्हणतील?" तिसऱ्यांदा विचारलंच न्हाय, अर्ज धाडला. पाकिटावरचा सरकारी शिक्का बघितला आणि हे एकदम मऊ झाले. फाल्गुनात माझी वयाची अट संपत होती. ही मुलाखत हुकली की जन्मभर भाकरीच थापायच्या.

मी म्हटलं, सकाळच्या यष्टीनं जाते.

"यष्टीनं? घरात गाडी असताना? लोक काय म्हणतील!"

मुलाखत लोकांची नव्हती, माझी होती. पण बसले मागं मुकाट.

बेंबळीच्या अलीकडं ह्यांनी तिसरा टाकला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. पडलो न्हाय एवढंच. दांडी कशीबशी मधल्या, न्यूट्रलच्या घरात आणून गाडी गावापर्यंत ढकलत नेली. तिथं तेलाची इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. साडेनऊ वाजले होते, अकराला मुलाखत.

चाचांनी गाडी स्टँडवर घेतली. इंजिन बंदच ठेवून मागचं चाक हातानं फिरवलं, दांडी एकेक घर सरकवली, आणि लांब पाना गिअरबॉक्सला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं.

"पयला ठीक. दुसरा बी ठीक. तिसऱ्याला आत काहीतरी लोळतंय, डॉक्टरसाब. गिअर साबूत आहे. कुणीतरी पाहुणा आलाय."

मग खालचा बोल्ट काढला. काळं तेल लोखंडी पाटीत पडलं आणि तेलाबरोबर तांदळाचे दाणे. बाजूचं झाकण उघडलं तर दात्यांमधून निघाली सुपारी, एका अंगानं चांगली चावलेली.

हे पांढरेफटक पडले. "करणी! अक्षता आणि सुपारी, दुसरं काय असणार? कुणीतरी जळतंय आपल्यावर. आज पुढं एक पाऊल टाकायचं न्हाय. चल माघारी."

अडाणीपणा सोडा म्हणणारा तो हाच माणूस! एरवी मी पोट धरून हसले असते. पण फाट्यावर धाराशिवची यष्टी यायची वेळ झाली होती, आणि दाणे पाहिल्यापासून मला दरदरून घाम फुटला होता. गप्प बसले असते तर घरात शांतता राहिली असती आणि नोकरी गेली असती.

"अहो, करणीबिरणी काय न्हाय. सुपारी म्या टाकलीय."

"तू?"

"खंडेनवमीला. तुम्ही गिअरबॉक्सचं टोपण काढून ठेवलं आणि तेल आणायला गेलात. गाडीची पूजा करताना तोंड उघडं दिसलं. कलशात टाकतो तशी टाकली, अक्षता बी टाकल्या. तुळजापूरच्या आईला म्हटलं, मला नोकरी लागू दे."

चाचा पाटीवर वाकून हसायला लागले. "दुवा कवाच पोचली असती पोरी, गिअरात अटकली की!"

तेवढ्यात यष्टीचा भोंगा वाजला. हे म्हणत होते, थांब, आत्ता जोडून होईल. मी पदर खोचला आणि पळत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं वाक्य अर्ध्यावर सोडून गेले. धाराशिवला पोचायला उशीर झाला, पण मुलाखत घेणारे साहेबच बारा वाजता आले. नोकरी लागली.

पुढच्या खंडेनवमीला ह्यांनी गिअरबॉक्सचं टोपण तारेनं करकचून बांधलं होतं. मी वरूनच कुंकू लावलं. हे टोपणावर हात ठेवून शेजारी बसलेले. हळूच म्हणाले, "यंदा काय मागायचं असंल ते मला माग."

"तुमच्याकडं दोनदा मागितलं होतं," मी म्हटलं. "मग तुळजापूरच्या आईकडं गेले."

हे खाली बघून तारेची गाठ आणखी आवळत बसले.