शेजारी लागलंय

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. उद्या सांगणार आहे — ते ठरलंय. त्याआधी एकदा तुमच्यासमोर म्हणून बघते, म्हणजे ऐनवेळी जीभ अडखळायला नको.

मला नाताळची गाणी आवडतात. संकष्टी पाळणारी बाई मी, पण डिसेंबर लागला की माझे दोन गायक मला हवेच — एक घोगऱ्या आवाजाचा म्हातारा, आणि एक बाई, जी प्रत्येक ओळ स्वेटर विणल्यासारखी सावकाश गाते. यात कबूल करण्यासारखं काय आहे? काहीच नाही. मग इतकी वर्षं मी ती इअरफोन घालून, चोरून का ऐकते?

तेव्हा आम्ही भोपाळात, पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. आमच्या आणि स्टेलाच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. तिचा नवराही कारखान्यातच, माणसं जबलपूरची. न्यू मार्केटातून मी माझ्या त्या दोन गायकांच्या कॅसेट आणल्या आणि आमचा एक खेळच सुरू झाला. मी पोळ्या लाटताना टेप लावायची, ती पलीकडे भाजी चिरत ऐकायची, आणि एक बाजू संपली की भिंतीवर टकटक — उलटव. तीन डिसेंबर असे गेले. फार सुखात गेले.

सासूबाई तेव्हा नणंदेकडे नागपूरला असायच्या. चौथ्या वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार पहिल्यांदाच मी करायचे, घट मांडायचा, महालक्ष्मीची पोथी वाचायची, आणि शेवटच्या गुरुवारी त्या येणार, असं ठरलेलं. पण मी पडले भोपाळचीच, माहेर शिवाजी नगरात, भिंतीवर हिंदी कॅलेंडर. त्यातला अगहन म्हणजे मार्गशीर्ष, एवढं मला ठाऊक होतं. तो आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि पंधरा दिवस आधीच संपतो, हे ठाऊक नव्हतं. मी अगहनातले गुरुवार केले, उद्यापन उरकलं. सासूबाई आल्या नाहीत, तेव्हा रिझर्व्हेशन मिळालं नसेल असं समजले, आणि घटावरच्या नारळाच्या वड्या करून खाल्ल्या.

नाताळच्या तोंडावरचा गुरुवार. दुपारी टेप मोठ्यानं लावून मी कांदा परतत होते. दार वाजलं. बाहेर सासूबाई — हातात फळांची पिशवी, मागे कॉलनीतल्या दोन मराठी बायका, वाटेतच हळदीकुंकवाला बोलावलेल्या. घरात घट नाही, घरभर कांद्याचा वास.

"अगं, मार्गशीर्ष संपायचाय अजून," एवढंच त्या म्हणाल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सासूबाईंनी आतल्या दिशेनं मान वळवली. "आणि हे काय लागलंय?"

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा थांबते.

"शेजारी लागलंय," मी म्हणाले. तेवढ्यावर गप्प बसले असते तर? पण नाही — "रोजचंच आहे त्यांचं. त्यानं माझं कशातच लक्ष लागत नाही."

तेवढ्यात कॅसेटची बाजू संपली. आणि भिंतीवर टकटक झाली.

सासूबाई दारातूनच शेजारी गेल्या. मीही मागोमाग गेले. त्या भांडल्या नाहीत, हात जोडून म्हणाल्या, की आमच्या पूजेच्या दिवशी तरी आवाज नको. स्टेलानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "माफ़ कीजिए अम्माजी, आगे से नहीं होगा।"

माझ्या टेपसाठी तिनं माफी मागितली. दरवर्षी चर्चची मंडळी गिटार घेऊन तिच्या अंगणात गायला यायची. त्या वर्षी तिनं त्यांना फाटकातूनच केक देऊन परत पाठवलं. मी खिडकीतून पाहत होते. पुढच्या वर्षी ती मंडळी आलीच नाहीत. टकटकही पुन्हा झाली नाही. मग ते लोक जबलपूरला गेले.

सासूबाई खाष्ट होत्या असं म्हटलं तर तुम्ही मला समजून घ्याल, पण त्या तशा नव्हत्या आणि नाहीत. दोन दिवस कुरकुरल्या असत्या, बस. मला दोन बायकांसमोर अडाणी दिसायचं नव्हतं. एवढंच कारण.

आता आनंद नगरात स्वतःचं घर आहे. फोनवर त्या दोन्ही गायकांची सगळी गाणी आहेत, बाजू उलटायचं कामच नाही. तरी पाच-सहा गाणी झाली की कान भिंतीकडे जातो. या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची स्कूटर उभी असते.

उद्या शेवटचा गुरुवार, आपल्या मार्गशीर्षातला. सकाळी आधी जबलपूरला स्टेलाला फोन करेन, नंबर मिळवलाय. माफ कर म्हणणार नाही — तसं म्हटलं की तिला 'कोई बात नहीं' म्हणावं लागेल, आणि माझ्यासाठी तिचं एकदा खोटं बोलून झालंय. सासूबाईंना काय सांगणार आहे, तेवढं तिच्या कानावर घालेन.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतील. त्या वेळच्या दोघींपैकी एक अजून येते. घट मांडलेला असेल, पोथी वाचून झालेली असेल, आणि मी स्वयंपाकघरात गाणी लावीन, इअरफोनशिवाय. सासूबाईंचे कान अजून तिखट आहेत. त्या विचारतील, हे काय लागलंय.

आपल्याकडे लागलंय, मी म्हणेन. तेव्हाही आपल्याकडेच लागलं होतं.